सहावा कप

माणूस मेला की त्याचे गुण उगवायला वेळ लागत नाही. सोपानचे तर तिसऱ्याच दिवशी उगवले. सहा वर्षं ज्याच्या अंगणावरून जाताना भरे गावच्या वस्तीतली माणसं तोंडाला पदर नाहीतर उपरण्याचं टोक लावत होती, तीच आता त्याच्या ओट्यावर मांडी घालून बसली होती आणि म्हणत होती, "देवमाणूस हो, देवमाणूस." देव मानायचं सोडून वस्तीला पंचवीस-सव्वीस वर्षं झाली होती. पण मेलेल्याची स्तुती करायला तो परत बोलावला तर कुणाचं काय बिघडतंय?

प्रभावती चुलीपाशी बसून हे सगळं ऐकत होती. नवरा गेल्याचं दुःख तिला होतंच. पण त्या दुःखाला नीट बसायला घरात जागाच मिळत नव्हती, इतकी गर्दी या लोकांच्या उमाळ्यांनी केली होती.

"बायकोच्या शब्दाबाहेर न्हाई गेला कदी," लीलाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाली. "असा नवरा मिळाया भाग्य लागतंय."

हीच लीलाबाई. सोपान पहाटे विहिरीवरून घागर आणायचा, दर दहा पावलांवर थांबून दम घ्यायचा, तेव्हा ती पाणवठ्यावर सगळ्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "आला बायकूचा गडी." प्रभावती दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायची. तिच्या कमरेला तेवढाच आराम म्हणून तो घागर उचलायचा. 'पहाटंची हवा चांगली असती, डाक्टरनं सांगितलंय,' असं तिला सांगायचा. डॉक्टरनं असलं काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं होतं.

सोपान रस्त्यावर मैलकुली होता. पौडच्या रस्त्याचे खड्डे भरायचे, गटारं उपसायची, कडेच्या दगडांना चुना लावायचा. शहात्तर साली त्याला खोकला लागला आणि तो गेलाच नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा टीबी निघाला. नव्वद सुया घेतल्या, मूठ-मूठ गोळ्या गिळल्या. बरा झाला, परत पडला, परत उठला, परत पडला. असं सहा वर्षं चाललं.

फोटोचा निकाल घेऊन तो दवाखान्यातून निघाला, तो घरी यायच्या आधी थोरल्या भावाच्या घरी गेला. लपवायची अक्कल त्याला नव्हती. भिकाजीच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला, "दादा, मला टीबी निघालाय. पोरासोरांना जरा लांब ठेवा माझ्यापास्नं."

भिकाजी उरवड्याच्या एका कंपनीत नोकरीला होता. खिशाला पेन, वस्तीच्या मंडळाचा अध्यक्ष, माईक हातात आला की सोडवत नसे. त्यानं भावाच्या खांद्यावर ठेवलेला आपला हात काढला आणि आत जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितलं. गोजराबाईनं चहा दिला, पण ओट्यावरच दिला. त्याच वर्षी पुण्यातून आणलेला सहा कपांचा संच होता, काठाला निळी फुलं असलेला. सोपान चहा पिऊन गेला आणि त्याचा कप घरात परत गेला नाही. तो वळचणीला खोचला गेला.

दुसऱ्या खेपेला सोपान गेला तेव्हा त्याच कपाच्या बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. तिसऱ्या खेपेला गोजराबाई म्हणाली, "ह्यो कप तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या भावजी. हितं उगा इसरून कुनी पिलंबिलं तर." सोपान कप खिशात घालून घरी आला. परत कधी गेला नाही.

आता गंमत बघा. भिकाजीच्या बापाला पाटलाच्या ओट्यावर असाच वळचणीचा कप होता. स्वतः काढायचा, स्वतः धुवायचा, स्वतः परत खोचायचा. ही गोष्ट भिकाजी दर चौदा एप्रिलला माईकवर सांगायचा. सांगताना त्याचा आवाज भरून यायचा, आणि खाली बसलेली गोजराबाई खरंखुरं रडायची. घरी गेल्यावर वळचणीला हात लावायची वेळ आली, तेव्हा दोघांपैकी एकालाही ती गोष्ट आठवली नाही. माणसाला दुसऱ्याचं वागणं तेवढं पाठ असतं.

प्रभावतीनं स्वतःलाही कधी माफ केलं नव्हतं. कप घरी आला त्या पहिल्या महिन्यात तीही तो वेगळा धुवायची, राख लावून, मोरीच्या कोपऱ्यात, बाकीच्या भांड्यांना शिवू न देता. एकदा मान वर केली तर सोपान दारातून बघत होता. म्हणाला, "उकळत्या पान्यानं धू, हात भाजू नको." त्या दिवशी तिनं कप उकळत्या पाण्यात घातला, पुसला, स्वतःसाठी चहा ओतला आणि त्याच्यासमोर बसून प्यायली. तो रागावला, हात जोडले. तिनं ऐकलं नाही. तेव्हापासून घरात मोठ्या माणसांना एकच कप होता. आधी तो, मग उकळतं पाणी, मग ती.

पण पोरीच्या बाबतीत त्यानं तिचंही चालू दिलं नाही. जया तेव्हा बारा वर्षांची होती. सोपाननं रस्त्याकडच्या दगडांसारखे सात-आठ दगड आणले, चुन्यानं रंगवले आणि अंगणात ओळीनं मांडले. दगडांच्या पलीकडे गोठ्याच्या पडवीत त्याचं अंथरूण, अलीकडे पोरगी. "ह्या वळीच्या हिकडं याचं न्हाई. आलीस तर मी जेवायचा न्हाई." आणि मग त्या ओळीपलीकडून, वाऱ्याची दिशा बघून, तोंड फिरवून तो तिच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचा. एकोणतीसच्या पाढ्याला ती अडखळली की खोकत खोकत हसायचा. पौडच्या शाळेतून ती मॅट्रिक झाली, वस्तीतली पहिली पोरगी. त्या दिवशी ती पेढा घेऊन दगडांपर्यंत धावत आली. त्यानं हात पुढे केला नाही. "दगडावर ठेव आन् मागं सर," म्हणाला. ती मागे सरल्यावर त्यानं पेढा उचलला.

सहा वर्षांत त्यानं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. गेला त्या दिवशीसुद्धा तिला ओळीअलीकडेच थांबवलं होतं.

असा हा माणूस. आणि आता भिकाजी त्याचं सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन करणार होता.

करणार म्हणजे दणक्यात करणार. मांडव, सतरंज्या, पौडहून बौद्धाचार्य, पुरी-भाजी, बुंदी आणि ओळीनं सहा जणांच्या आदरांजल्या. फोटोही त्यानंच मोठा करून आणला होता. भिकाजीनं घर बांधलं तेव्हा काढलेल्या फोटोतून सोपानला कापून काढलं होतं. कापताना भिकाजी सगळा गेला, पण सोपानच्या खांद्यावर त्याची चार बोटं राहिली होती. सोपानला खोकला लागायच्या आधीची बोटं होती ती.

एवढा उमाळा फुकट येत नसतो. जयाला उरवड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा भिकाजीच्याच कंपनीत पर्मनंट. मुलाचा बाप भिवाजी आणि आई सारजाबाई पोरगी बघून गेली होती, त्यांना पसंत होती. हे स्थळ आणलं भिकाजीनं आणि त्यांना सांगितलंही भिकाजीनंच, की पोरीच्या बापाचं जरा हृदयाचं दुखणं आहे. आता ती दोघं पुण्यानुमोदनाला येणार होती.

त्या दिवशी सकाळीच भिकाजी चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. "प्रभा, टीबीचं नाव काडायचं न्हाई. झटका आला आन् गेला. वस्तीला सांगून ठेवलंय मी. पोरीच्या जल्माचा सवाल हाय."

प्रभावतीनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"उंद्या त्यांना कळलं तर कोन करील तिला? आं? टीबीवाल्याची पोरगी म्हनून घरात बसवायची हाय का?"

प्रभावतीनं मान हलवली. हलली एवढं खरं. पोरीच्या नावानं भीती घातली की आईची मान आपोआप हलते, आणि हे भिकाजीसारख्या माणसांना चांगलं ठाऊक असतं.

मग त्यानं खिशातून कागद काढून जयाच्या हातात दिला. "शेवटाला तू बोलायचं. सगळं लिवून आनलंय. निस्तं वाचायचं."

तो उठून गेल्यावर जयानं कागद वाचला. एकदा वाचला, मग परत वाचला. मग आईपुढे धरला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. प्रभावतीला अक्षरओळख होती, तिच्या नवऱ्यानंच दगडांच्या ओळीपलीकडून पोरीबरोबर तिलाही शिकवलं होतं. तिथे लिहिलं होतं, 'माझे वडील कधीही अंथरुणाला खिळले नाहीत. ते हसतखेळत, चालताबोलता गेले.'

"आई, हे मी वाचू?"

सहा वर्षं. ती दगडांची ओळ, तोंड फिरवून म्हणवून घेतलेले पाढे, दगडावर ठेवलेला पेढा. सगळं एका ओळीत पुसायचं, आणि पुसायचं ते पोरीच्याच तोंडानं. प्रभावतीला हे कळत होतं. तरी ती म्हणाली, "वाच," आणि चुलीकडे तोंड फिरवलं. तिला स्वतःचीच किळस आली.

दुपारी मांडव भरला. बौद्धाचार्यांनी त्रिसरण पंचशील घेतलं, मेणबत्त्या लागल्या, आणि आदरांजल्या सुरू झाल्या. मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, सोपानराव मंडळाचे आधारस्तंभ होते. या आधारस्तंभाला मंडळानं सहा वर्षांत एकदाही बैठकीला बोलावलं नव्हतं. लीलाबाईचा नवरा म्हणाला, आदर्श पती कसा असावा हे सोपानरावांकडून शिकावं. तो स्वतः काय शिकला होता ते लीलाबाईच्या पाठीला माहीत.

सोपानबरोबर वीस वर्षं रस्त्यावर फावडं मारलेले आबा पहिल्या ओळीत बसले होते. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्यांनी हात हलवला. "मला बोलाया येत न्हाई," एवढंच म्हणाले. वस्तीतलं दर पंधरा दिवसांनी पडवीत येऊन बसणारं, सोपानशी रस्त्याच्या कामावरून भांडणारं एवढं एकच माणूस. त्यालाच बोलता येत नव्हतं.

मग भिकाजी उठला. रुमाल आधीच हातात घेतला होता.

"ह्यो फोटो बगा," तो म्हणाला. "त्याच्या खांद्यावरचा ह्यो हात माजा हाय. ह्यो हात शेवटपावतर हितंच व्हता. एका ताटात जेवलो आमी, एका कपात चहा पिलो. आन् त्या दिवशी, काय सांगू, छातीत कळ आली आन् माजा भाऊ गेला."

एका कपात. चुलीपाशी बसलेल्या प्रभावतीच्या हातातलं सांडशीचं टोक जमिनीवर टेकलं आणि तिथेच राहिलं. गोजराबाई मात्र ऐकून मुसमुसून रडत होती. कपाची गोष्ट निघाली की तिला रडू यायचंच, मग कप कुणाचाही असो.

शेवटी जया उभी राहिली. पांढरं पातळ, हातात कागद. भिवाजी आणि सारजाबाई कौतुकानं बघायला लागली, पोरगी चार लोकांत उभी राहून वाचते म्हणजे काय! तिनं सुरुवात केली. आवाज स्वच्छ होता. वडिलांचा जन्म, गाव, नोकरी, सगळं वाचलं.

"माझे वडील कधीही..."

आणि थांबली. तिनं मान वर करून दारातून दिसणाऱ्या आईकडे पाहिलं. मग अंगणातल्या दगडांकडे पाहिलं. मांडव घालताना भिकाजीच्या माणसांनी ते उचलून एका कोपऱ्यात ढीग केला होता. जयानं कागदाची घडी घातली, परत एक घडी घातली आणि खाली बसली.

"पोरीला उमाळा आला," भिकाजी पटकन म्हणाला. "सहाजिक हाय. बापाचं काळीज व्हती. प्रभा, चहा आन बरं पावन्यांना."

पाहुण्यांच्या चहासाठी गोजराबाईनं आपला निळ्या फुलांचा संच आणून दिला होता. बाकी वस्तीला काचेचे ग्लास. पाच कप ताटात पालथे पडले होते. पहिल्या ओळीत पाचच माणसं होती, बौद्धाचार्य, भिकाजी, भिवाजी, सारजाबाई आणि आबा. प्रभावतीनं पाच कपांत चहा ओतला. मग ती फळीशी गेली, तिथला कप काढला, उकळत्या पाण्यानं विसळला, त्यात चहा ओतला आणि ताटात बाकीच्यांच्या मधे ठेवला. बुडाचा लाल ठिपका तिनं पाच वर्षांपूर्वीच विळ्याच्या टोकानं खरवडून काढला होता. आता ते सहाही कप सख्ख्या भावंडांसारखे दिसत होते, सख्ख्या भावंडांनी दिसावं तसे.

ती मांडवात गेली. पाच जणांनी पाच कप उचलले. सहावा तिनं स्वतः उचलला आणि सगळ्यांसमोर सतरंजीवर बसली. ज्या बाईचा नवरा जाऊन सात दिवस झालेत ती पाहुण्यांत बसून चहा पिते हे पाहून दोन-चार बाया कुजबुजल्या. प्रभावतीनं एक घोट घेतला.

तेवढ्यात गोजराबाईची नजर कपांवरून फिरली. आपला संच परत नीट यावा म्हणून ती दर घटकेला कप मोजत होती. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. परत मोजले. तिचं तोंड उघडं पडलं.

"अगं बया! सहावा कुटला?"

तिनं बोटानं परत एकेक कप दाखवला.

"माजं पाचच हायेत. सहावा तर त्यो..." ती उठून उभीच राहिली. "त्यो टीबीचा कप हाय! प्रभे, त्यो यांच्यात कसा आनलास?"

इतका वेळ मांडवात रडणं, हुंदके, नाक शिंकरणं चालू होतं. ते एकदम थांबलं. प्रभावतीनं घाई केली नाही. तिला बघायचं होतं.

भिकाजीनं आधी कप खाली ठेवला. चटका बसल्यासारखा ठेवला, चहा बशीत सांडला. दोन मिनिटांपूर्वी एका कपात चहा पिणारा भाऊ तो. बौद्धाचार्यांनी आपला कप हळूच, शांतपणे, पण चांगला हातभर लांब सरकवला. भिवाजीनं कप ठेवला आणि उपरण्यानं ओठ पुसले. सारजाबाईनं तोंडातला घोट गिळावा की नाही हे न कळून गाल फुगवले होते. मागच्या ओळींतही, ज्यांच्या हातात नुसते काचेचे ग्लास होते, त्यांनीही ग्लास खाली ठेवले. देवमाणसाचा उष्टा कप, आणि एवढ्या भक्तांतून एकालाही तो प्रसाद नको होता.

आबा तेवढे फुरकत राहिले.

"टीबीचा म्हंजे?" भिवाजीनं विचारलं. "भिकाजी, तुमी तर झटका म्हनला व्हता."

"म्हंजे त्याचं आसं हाय पावनं..."

"मी सांगते," प्रभावती म्हणाली. "टीबी व्हता त्यांना. सा वर्सं व्हता. भावानं कप वळचनीला खोचला, तवापास्नं ह्या मांडवातलं येक आबा सोडलं तर कुनी आमच्या घरचं पानी पिलं न्हाई. आन् घाबरू नका. तुमच्या हातात न्हाई त्यो कप. माज्या हातात हाय. सा वर्सं मी ह्यातच पिते. मला काय झालंय का बगा."

भिकाजीनं हे ऐकताच आपला कप झटकन परत उचलला आणि भिवाजीला दाखवून एक मोठा घोट घेतला. अशा माणसाचं काय करायचं? लाज वाटायला आधी ती जवळ असावी लागते.

भिवाजीनं मात्र कप उचलला नाही. तो उठला, सारजाबाई उठली. "आमाला उशीर व्हतोय," तो म्हणाला. "कळवतो काय ते." काय कळवणार हे मांडवातल्या पोरासोरांनाही कळलं होतं.

"पोरीचं वाटूळं केलंस!" भिकाजी ओरडला. "सोताच्या हातानं केलंस!"

प्रभावतीनं ओठाशी नेलेला कप खाली घेतला. एवढंच एक वाक्य तिला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. तिनं जयाकडे पाहिलं.

जया उठून आली. भिवाजी अजून चपला शोधत होता, त्याच्यासमोरूनच आली. आईच्या हातातला कप तिनं घेतला. बारा वर्षांची असल्यापासून ज्या वस्तूला तिच्या बापानं तिला बोट लावू दिलं नव्हतं, ती दोन्ही हातांत धरून ती क्षणभर उभी राहिली. मग उरलेला चहा प्यायली. सगळा प्यायली. आणि तोंड पुसून चुलत्याला म्हणाली, "माझे वडील सहा वर्षं आजारी होते, तात्या. आता हे लिहून घ्या."

मग तिला रडू फुटलं. सात दिवसांत पहिल्यांदा.

मांडव भराभर रिकामा झाला. बुंदी मात्र कुणी मागे ठेवली नाही, ती पुड्या बांधून नेली. आबा शेवटी उठले, अंगणाच्या कोपऱ्यातल्या ढिगातून एक पांढरा दगड उचलला, उलटासुलटा करून बघितला. "चुना लई भारी लावायचा," म्हणाले आणि गेले.

गोजराबाई संच न्यायला आली नाही. संध्याकाळी प्रभावतीनं पाचही कप धुऊन तिच्या ओट्यावर नेऊन ठेवले. सकाळी दार उघडलं तर पाचही कप प्रभावतीच्या उंबऱ्यावर होते. ठिपका तर कधीच गेलेला, आणि प्रभावतीनं कुठला कुठं बदलला असेल याचा नेम नाही असं गोजराबाईला वाटलं असणार.

प्रभावतीनं ते आत आणले आणि फळीवरच्या कपाशेजारी मांडले. संच सहाचा होता, सहाचा झाला. जयानं चूल पेटवली, चहा टाकला. मग फळीकडे हात नेला आणि न बघता जे हाताला लागले ते दोन कप खाली घेतले.